विस्कॉन्सिनमध्ये पाडलेलं हरीण मिनेसोटातल्या घरी न्यायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला मिनिआपोलिसच्या उपनगरात. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या काकांचं शेत विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्येला, स्प्रिंग ग्रीनजवळ. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा हंगाम उघडतो, तेव्हा पहिल्यांदाच शिकारीला जाणार. सहकारी म्हणतो, हरीण मिळालं की पिकअपमध्ये टाकू, तुझ्या गॅरेजमध्ये टांगू आणि निवांत कापू. एकाने सांगितलं की अख्खं हरीण राज्याबाहेर नेता येत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, तो नियम हरीण पाळणाऱ्या फार्मवाल्यांसाठी आहे, आपल्याला काय त्याचं! शिवाय मुंडी भिंतीवर लावायची हौस आहे, आणि घरी मित्रमंडळी भेजाफ्रायच्या बेतात आहेत.

मी मूळचा परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचा. इथे अमेरिकेत बरीच वर्षं जनावरांच्या रोगनिदानाच्या कामात आहे, आणि नोव्हेंबर आला की आमच्या टेबलावर हरणांच्या मुंड्यांची रास लागते. तेव्हा सविस्तरच लिहितो.

आधी सरळ उत्तर. गॅरेजचा बेत रद्द करा, आणि त्याचं कारण हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा रोग. उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही दुसऱ्या राज्यातून किंवा प्रांतातून हरीण, एल्क, मूस किंवा कॅरिबू यांचं अख्खं धड मिनेसोटात आणायला बंदी आहे. जनावर फार्मवरचं की रानातलं, आजारी की ठणठणीत, याने काही फरक पडत नाही. तुमचा रस्ता दुसऱ्या बाजूनेही बंद आहे. विस्कॉन्सिनच्या ज्या काउंट्या (जिल्ह्यांसारखे भाग) या रोगाने बाधित धरल्या आहेत, तिथलं अख्खं हरीण त्या काउंटीत आणि तिला लागून असलेल्या काउंटीतच फिरवता येतं. त्यापुढे न्यायचं तर नोंदणीपासून 72 तासांच्या आत परवानाधारक मांस प्रक्रियावाल्याकडे किंवा टॅक्सीडर्मिस्टकडे (मेलेलं जनावर भरून भिंतीवर लावण्याजोगं करणाऱ्याकडे) पोचवावं लागतं. तुमचं गॅरेज या दोन्हींत बसत नाही.

मिनेसोटात येऊ शकतं ते असं: हाडं काढलेलं मांस. कापून, गुंडाळून बांधलेलं मांस, मग ते दुकानदाराने बांधलेलं असो की तुम्ही. फरे, म्हणजे पुढचे-मागचे पाय मांसासकट, पण त्यांना कण्याचा किंवा डोक्याचा काहीही भाग चिकटलेला नको. कातडी आणि दात. शिंगं, किंवा शिंगांसकट कवटीची टोपी, पण मेंदूचा कणही न उरलेली. आणि टॅक्सीडर्मिस्टने पूर्ण तयार केलेली मुंडी. बाकी सगळं, म्हणजे डोकं, मेंदू, डोळे, टॉन्सिल, कणा, मज्जारज्जू, तिल्ली आणि लसिका गाठी, मागे राहतं.

आता हे सगळं ज्याच्यासाठी आहे त्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीजबद्दल. इथे सगळे सीडब्ल्यूडी म्हणतात. हरणाला हळूहळू झिजवत नेऊन मारणारा हा रोग जंतूमुळे किंवा विषाणूमुळे होत नाही. तो प्रायॉनमुळे होतो. प्रायॉन म्हणजे शरीरातलंच एक प्रथिन, पण घडी चुकलेलं. ते शेजारच्या चांगल्या प्रथिनांचीही घडी बिघडवत जातं आणि मेंदूत भोकं पडत जातात. त्यात डीएनए नाही, आरएनए नाही, जिवंत असं काहीच नाही. त्यामुळे "मारायचं" म्हटलं तरी मारायला काही सापडत नाही. ही कल्पना मांडणारे स्टॅनली प्रुसिनर यांना 1997 साली नोबेल मिळालं, पण त्याआधी त्यांना बरीच टिंगल सोसावी लागली होती.

पहिली नोंद 1967 ची, कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सजवळच्या संशोधन केंद्रात बंदिस्त ठेवलेल्या म्यूल डिअर जातीच्या हरणांमध्ये. तिथली हरणं खंगून मरत होती आणि बरीच वर्षं लोकांना वाटत होतं की खाण्यात काहीतरी कमी पडतंय. 1970 च्या दशकाच्या अखेरीस एलिझाबेथ विल्यम्स या पशुवैद्यक तरुणीने मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि मेंढ्यांच्या स्क्रेपी या मेंदूच्या रोगात दिसतात तशी भोकं तिला दिसली. 1981 मध्ये कोलोरॅडोतल्याच एका रानटी एल्कमध्ये रोग सापडला. मग 2002 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमध्ये, माउंट होरेबजवळ मारलेल्या तीन हरणांत. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला ही पहिलीच नोंद. तुमच्या सहकाऱ्याच्या काकांचं शेत तिथून तासाभराच्या आत आहे, म्हणजे तुम्ही थेट रोगाच्या जुन्या ठाण्यावर शिकारीला निघालात. त्या पट्ट्यात आज काही ठिकाणी पूर्ण वाढलेल्या नरांपैकी तीनात एक किंवा त्याहून जास्त बाधित निघतात. "आमच्याकडे असलं काही नसतं" असं काका म्हणाले तर हसून सोडून द्या.

आता खरा मुद्दा. कोलोरॅडो आणि विस्कॉन्सिन यांच्यात शेकडो मैलांचं अंतर आहे. व्हाइटटेलचा (इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा) तरुण नर आईपासून वेगळा होऊन नवी जागा शोधतो तेव्हा फार तर काही दहा मैल जातो. हरणांच्या पायांनी रोग पसरतोच, पण सावकाश, एका काउंटीतून शेजारच्या काउंटीत. नकाशावर तो एकदम लांब उडी मारतो तेव्हा संशय कायम दोन गोष्टींवर जातो: ट्रकमधून नेलेली जिवंत जनावरं आणि गाडीतून नेलेले मेलेल्यांचे अवशेष. दक्षिण कोरियात 2001 मध्ये रोग सापडला, तो कॅनडातून आणलेल्या एल्कमधून. जिवंत जनावरांचे नियम हा फार्मवाल्यांचा प्रांत. दुसरी गोष्ट मात्र तुमच्या-आमच्यासारख्या शनिवार-रविवारच्या शिकाऱ्यांच्या हातात आहे, आणि "नियम फक्त फार्मवाल्यांना" म्हणणारे तुमचे मित्र चुकतात ते इथेच.

फ्रीजरमध्ये ठेवलेल्या मांसाने मिनेसोटातलं कुठलंही हरीण आजारी पडणार नाही. प्रश्न उरलेल्याचा असतो. मांस काढून झाल्यावर सांगाडा, मुंडी, कणा, कातडीचे तुकडे जातात कुठे? गॅरेजमध्ये कापणारे बहुतेक जण ते मागच्या झाडीत किंवा रस्त्याकडेच्या ओढ्यात टाकतात, "कोल्हे खातील" म्हणून. ते खातातच. पण कावळ्यांच्या आणि कायोटींच्या (इथल्या कोल्ह्यासारख्या प्राण्यांच्या) पोटातून प्रायॉन नाश न पावता बाहेर पडू शकतात, असं प्रयोगांत दिसलंय. आणि जे जमिनीत मुरतं ते तिथेच राहतं. चिकणमातीच्या कणांना प्रायॉन घट्ट चिकटतो. बाधित हरणांचे सांगाडे कुजवलेल्या आवारात जवळजवळ दोन वर्षांनी निरोगी हरणं सोडली, तर त्यांनाही रोग लागला. असा प्रयोग कोलोरॅडोत झालेला आहे. ऊन, पाऊस, हिवाळ्यातला उणे तीसचा गारठा, कशानेही त्याचं काही बिघडत नाही.

मिनेसोटातलंच उदाहरण देतो. 2021 मध्ये बेल्ट्रामी काउंटीतल्या एका हरणांच्या फार्मवर रोग सापडला. चौकशीत निघालं की मेलेल्या जनावरांचे अवशेष शेजारच्या सार्वजनिक जमिनीवर नेऊन टाकले होते. तिथल्या हाडांतही प्रायॉन सापडले. सरकारने काय करावं? माती उचलून नेणार कुठे, आणि किती खोल खणणार? शेवटी रानातल्या हरणांना तिथे चरता येऊ नये म्हणून त्या जागेभोवती कुंपण घातलं.

न्यूयॉर्कचं प्रकरण वेगळं, पण धडा तोच. 2005 मध्ये तिथे पाळीव कळपांत आणि मग दोन रानटी हरणांत रोग निघाला. ज्या फार्मवर तो प्रथम दिसला, त्याचा मालक टॅक्सीडर्मीचं कामही करायचा. त्यामुळे बाहेरच्या राज्यांतून आलेल्या मुंड्यांकडे तपासणाऱ्यांचं लक्ष गेलं. पुढे न्यूयॉर्कने राज्याबाहेरून अख्खं धड आणण्यावर सरसकट बंदी घातली, आणि त्या रानटी कळपात रोगाने ठाण मांडलं नाही. वेळीच आवरता येतं ते असं. विस्कॉन्सिनमध्ये ते जमलं नाही. 2002 नंतर त्या भागातली हरणं मारून संपवायचा मोठा प्रयत्न झाला, लोक चिडले आणि सरकारने हात टेकले. नॉर्वेत 2016 मध्ये नॉर्डफेला भागातल्या रानटी रेनडिअरमध्ये रोग सापडला, तेव्हा त्यांनी दोन हजारांवर जनावरांचा अख्खा कळप काढून टाकला. इथे कुठलाही राजकारणी असला निर्णय घ्यायला धजणार नाही. म्हणून मग उरतो तो तुमच्या पिकअपचा नियम.

आज अमेरिकेतल्या पस्तीसहून अधिक राज्यांत आणि कॅनडाच्या काही प्रांतांत हा रोग आहे, आणि प्रत्येकाचा नियम वेगळा. काही जण फक्त बाधित भागातून येणाऱ्या धडाला अडवतात. मिनेसोटा, मिशिगन, न्यूयॉर्क यांनी बाहेरून येणारं सगळंच अडवलंय. पेनसिल्व्हेनियाने राज्याच्या आतच रोगनियंत्रणाचे विभाग आखलेत, आणि विभागाच्या रेषेपलीकडे डोकं किंवा कणा नेता येत नाही. त्या रेषा दरवर्षी सरकतात. तेव्हा मागच्या वर्षीचं पत्रक खिशात घेऊन फिरू नका. जिथे मारणार, जिथून जाणार आणि जिथे पोचणार, त्या प्रत्येक राज्याच्या डीएनआरचं (नैसर्गिक संसाधन खात्याचं) किंवा वन्यजीव खात्याचं चालू हंगामाचं पान जायच्या आधल्या दिवशी वाचा. तुमचा रस्ता सरळ आहे, ला क्रॉसला मिसिसिपी ओलांडली किंवा हडसनला सेंट क्रॉय ओलांडली की मिनेसोटा. एखाद्या कॅन्सस-नेब्रास्कावाल्या मित्राला मात्र मधली दोन-तीन राज्यंही बघावी लागतात.

या सगळ्या नियमांचा माझ्या मते एकच व्यवहारी अर्थ आहे: हरीण जिथे पडलं तिथेच कापा. तिथल्या मातीत प्रायॉन असतील तर ते आधीच आहेत. ते तुम्ही दुसरीकडे नेले नाहीत, म्हणजे झालं.

आता प्रत्यक्ष काम. आधी नोंदणी, मग सुरी. विस्कॉन्सिनमध्ये हरीण हाती लागल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन किंवा फोनवर नोंद करावी लागते. मिळालेला पुष्टी क्रमांक फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा. वॉर्डनने (शिकारीचे नियम तपासणाऱ्या अधिकाऱ्याने) गाडी थांबवली की कूलरमधलं मांस कोणाचं, कुठलं, हे त्या क्रमांकावरूनच सिद्ध होतं. रानात सिग्नल मिळेलच असं नाही, म्हणून काकांच्या घरी पोचल्या पोचल्या हे काम उरका.

कोथळा काढायचा तो पडल्या जागी, आणि तिथेच ठेवायचा. तो शेतातून उचलून लांबच्या खड्ड्यात टाकण्याचा उत्साह नको. विनाइलचे किंवा रबरी हातमोजे घाला. लांब, जाड असतील तर बरं. सुरी पोटातून छातीकडे नेताना मज्जारज्जूपाशी काही कामच नसतं, त्यामुळे इथे धोका कमी. धोका वाढतो तो पुढे, लोक करवत काढतात तेव्हा. आपल्याकडचा खाटीक बकऱ्याचा कणा मधोमध उभा चिरून चापा काढतो. इथेही जुने शिकारी तसंच करतात. करवत कण्यातून गेली की मज्जारज्जूचा लगदा पात्यावर चढतो आणि पुढच्या प्रत्येक तुकड्याला लागतो. मांस काढताना हरणाचं एकही हाड करवतीने कापू नका. गरजच पडत नाही.

हरीण मागच्या पायांवर उलटं टांगून सोलून घ्या. पुढचा फरा बरगड्यांना सांध्याने जोडलेलाच नसतो, नुसता स्नायूंवर तोललेला असतो. पाय बाहेर ओढत सुरी खांद्याच्या फऱ्याखालून फिरवली की अलगद हातात येतो. मागच्या फऱ्याला मांडीच्या आतल्या बाजूने सुरी घाला, खुब्याचा वाटीसारखा सांधा सापडेल. त्यातला पांढरा बंध छेदला की सांधा उघडतो आणि कमरेच्या हाडाला वळसा घालत मांस सुटतं. हे टांगलेल्या अवस्थेत जमत नसेल तर खाली ताडपत्रीवर घेऊन करा. पाठीच्या दोन्ही अंगांना मानेपासून कमरेपर्यंत धावणारे दोन लांब पट्टे हे सगळ्यात चवदार मांस. कण्याच्या वरच्या काट्यांना सुरी घासत उभा छेद, बरगड्यांच्या वरून आडवा छेद, आणि मग बोटांनी सोलत आणायचं. कणा न उघडता पट्टा अखंड निघतो. आतल्या बाजूला, शेवटच्या बरगडीमागे कण्याला खालून चिकटलेले दोन छोटे पट्टे असतात, ते हातानेच ओढून निघतात. मानेचं मांस मणक्यांवरून खरवडून घ्यायचं तर जपून. मी स्वतः ते सोडून देतो.

फऱ्यांची हाडंही तिथेच काढून टाकावीत, असं मी सुचवेन. कायद्याने फरा हाडासकट आणता येतो. पण मग ती हाडं तुमच्या घरी येतात आणि त्यांचं काय करायचं हा प्रश्नही. हाडं काढताना मांसात करड्या-पिवळट, चरबीत बसलेल्या गाठी दिसतात, एक खांद्यापुढे, एक मागच्या पायाच्या गुडघ्यामागे. त्या लसिका गाठी. प्रायॉन आधी तिथे जमतो आणि मग मेंदूत जातो. त्या सुरीने न फोडता भोवतालच्या चरबीसकट काढून टाका. कोथळा काढल्यावर 120 पौंड भरणाऱ्या हरणातून साधारण 50 ते 60 पौंड निर्भेळ मांस निघतं, आणि दोन मोठ्या कूलरमध्ये ते आरामात बसतं. बर्फ मांसावर थेट नको, पिशव्यांत. कूलरची तोटी उघडी ठेवा म्हणजे मांस पाण्यात पोहत राहणार नाही. गाडीच्या मागे अख्खं जनावर ताणून बांधण्यापेक्षा घरी नेण्याची ही पद्धत कितीतरी सोपी आहे. अनुभवाने सांगतो, एकदा असं केलेला माणूस पुन्हा गॅरेजकडे वळत नाही.

एवढं झेपणार नसेल तर स्प्रिंग ग्रीनच्या आसपास परवानाधारक मांस प्रक्रियावाले आहेत. तिथे हरीण द्या, पुढच्या आठवड्यात बांधलेली पाकिटं घेऊन या. पहिल्या शनिवार-रविवारी त्यांच्या दारात रांग असते. तिथे एक गोष्ट आवर्जून सांगायची: "माझं हरीण वेगळं कापा." सॉसेज आणि खिम्यासाठी बरेच जण चार-पाच हरणांचं मांस एकत्र दळतात. मग तुमचं निरोगी निघून काय उपयोग?

सांगाडा उरतो. विस्कॉन्सिनमध्ये हंगामात खास सांगाड्यांसाठी डंपस्टर (मोठ्या कचरापेट्या) ठेवलेले असतात, त्यांचा नकाशा डीएनआरच्या पानावर असतो. तिथून सगळं अस्तर घातलेल्या कचराभूमीत जातं आणि हरणांच्या तोंडाशी पुन्हा येत नाही. डंपस्टर लांब असेल तर जवळच्या कचराभूमीला फोन करून विचारा, बऱ्याच घेतात. शेतात जाळायचा विचार नको. शेकोटीच्या आचेने प्रायॉन जात नाही, त्याला 1000 अंश सेल्सिअसच्या आसपासची भट्टी लागते. उथळ पुरायचा विचारही नको, कायोटी उकरून काढतात.

मुंडी मात्र टाकू नका, कारण तपासणी तिच्यावरच होते. विस्कॉन्सिनमध्ये ही तपासणी शिकाऱ्याला फुकट आहे. ठिकठिकाणी स्वतःच नमुना ठेवण्याच्या पेट्या आहेत. मुंडीला चार-पाच इंच मान राहू द्या, शिंगं हवी असतील तर आधी काढून घ्या, पिशवीत बांधा, फॉर्म भरा, पावतीचा तुकडा जपून ठेवा. शिकारीची जागा नीट लिहा. "काकांचं शेत" असं लिहिलेले फॉर्म आमच्याकडे येतात आणि त्यावरून नकाशावर टिंब देता येत नाही.

मान ठेवायला का सांगतात ते सांगतो. आम्हाला हव्या असतात घशामागच्या दोन लसिका गाठी. मुंडी उताणी ठेवून जबड्याच्या कोनामागे स्वरयंत्राच्या वर आडवा छेद द्यायचा आणि घसा मागे पलटायचा. कवटीच्या बुडाशी, मोठ्या रक्तवाहिनीला लागून, दोन्ही बाजूंना अंगठ्याच्या पेराएवढ्या गुळगुळीत गाठी हाताला लागतात. जवळच लाळग्रंथी असते. ती दाणेदार असते, आणि नवीन मुलं हमखास तीच काढून ठेवतात. मान अगदी जबड्यालगत कापली असेल तर या गाठी धडाबरोबर डंपस्टरमध्ये गेलेल्या असतात आणि तुमच्या हरणाचा निकाल "नमुना अयोग्य" असा येतो. त्या गाठीवर आधी एलायझा चाचणी होते, संशय आला तर ऊतीचा काप रंगवून खात्री केली जाते. निकालाला दोनेक आठवडे धरा.

भिंतीवर लावायच्या मुंडीचं म्हणाल तर ती विस्कॉन्सिनमधल्याच टॅक्सीडर्मिस्टकडे द्या. तपासणीसाठी गाठी काढायचं काम त्याला सांगता येतं, किंवा माणसं बसलेल्या नमुना केंद्रावर करून घेता येतं. पेटीत टाकलेली मुंडी परत मिळत नाही. सहा-आठ महिन्यांनी तयार मुंडी घेऊन या, ती आणायला काही आडकाठी नाही. नुसती शिंगं हवी असतील तर कवटीची टोपी कापताना करवत मेंदूच्या पेटीतून जाते. तेव्हा चष्मा आणि मास्क लावा, टोपी आतून खरवडून स्वच्छ करा आणि मगच सीमा ओलांडा. "घरी जाऊन साफ करतो" हे वाक्य वॉर्डनपुढे चालत नाही.

हत्यारांची स्वच्छता. गरम पाणी आणि साबण आधी, पण त्याने प्रायॉन जात नाही. घरगुती ब्लीचचं 40 टक्के द्रावण, म्हणजे दोन कप ब्लीचला तीन कप पाणी, त्यात स्टीलची सुरी पाच मिनिटं बुडवून ठेवली की पृष्ठभागावरचा प्रायॉन निकामी होतो, असं 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. पण ब्लीच मांसाच्या कणाच्या आत शिरत नाही. म्हणून सुरी आधी घासून निर्मळ करायची. लाकडी पाट वापरूच नका. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं काही मिसळू नका, विषारी वायू होतो.

आता भेजाफ्राय. मटणाच्या दुकानात जे आपण हौसेने मागून घेतो, भेजा, मुंडी, तिल्ली, नेमकं तेच इथे निषिद्ध यादीच्या अगदी वर आहे. भेजा आणि मुंडी तर राज्यातच आणता येत नाही, त्यामुळे मित्रांची समजूत घालायला कायदाच तुमच्या बाजूने आहे. तिल्ली कोथळ्याबरोबर रानातच सोडा. नळी चोखायची सवय असेल तर ती बकऱ्यापुरती ठेवा. "कुकरला दहा शिट्ट्या काढल्या तर?" असं मला दरवर्षी कोणीतरी विचारतंच. काढा, मांस मऊ होईल, प्रायॉनला काही होणार नाही. तळून, भाजून, सुकवून, खारवूनही नाही.

माणसाला हा रोग झाल्याचा एकही सिद्ध झालेला प्रकार आजवर नाही. तरी सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सांगते की बाधित भागातलं हरीण तपासून घ्या आणि बाधित निघालेलं खाऊ नका. ब्रिटनमध्ये गायींचा असाच रोग माणसांत आल्याचं 1996 मध्ये कळलं, त्याआधी कित्येक वर्षं लोक ते बीफ बिनधास्त खात होते. मी स्वतः निकाल आल्याशिवाय फ्रीजर उघडत नाही. तुमच्या बाबतीत आणखी एक सांगतो. आपल्या लोकांत शिकारीचं मांस आलं की वाटे घातले जातात, मंडळातल्या चार घरी डबे पोचतात. निकाल येईपर्यंत वाटे घालू नका. डबा परत मागायला जाणं फार अवघड असतं. आणि हरीण तरतरीत दिसत होतं, धावत होतं, हा पुरावा धरू नका. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला दीड-दोन वर्षं लागतात, आणि आमच्याकडे बाधित निघालेली बहुतेक हरणं धडधाकट, चरबीने भरलेलीच असतात. "आढळला नाही" असा निकाल आला तर त्याचा अर्थ त्या गाठीत सापडला नाही इतकाच. लागण ताजी असेल तर चाचणीतून निसटू शकते. पण एवढ्यावर मी जेवतो.

कायद्याचं एक सांगायला हवं. राज्याचा नियम मोडून शिकारीचं जनावर सीमेपार नेलं की मामला राज्यापुरता राहत नाही. 1900 सालापासूनचा लेसी कायदा आहे, त्याखाली तो केंद्राचा गुन्हा होऊ शकतो. व्हिसावर असलेल्या किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाने असली नोंद नावावर लावून घ्यावी, इतकं कुठलंच हरीण मोलाचं नाही. व्हिसावाल्यांनी बंदूक बाळगण्याचे नियमही वेगळे आहेत, ते जायच्या आधी वकिलाला विचारून घ्या.

शिंगं गावी न्यायचा विचार असेल तर तोही सोडा. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीच्या वस्तू हा नाजूक मामला आहे. मुंबईच्या विमानतळावर "हे सांबराचं नाही, व्हाइटटेलचं आहे" हे पटवत बसायची हौस कोणाला? शिवाय आमच्या बाजूने कारण असं की हा रोग आजवर उत्तर अमेरिका, दक्षिण कोरिया, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड इथेच नोंदला गेलाय. आपल्या भेकराच्या जवळच्या एका जातीला प्रयोगशाळेत तो लावून बघितला, तेव्हा लागला; म्हणून तो तिकडे पोचायलाच नको.

निकाल "आढळला" असा आला तर घाबरायचं नाही, पण मांस टाकायचं. सगळी पाकिटं दुहेरी पिशवीत बांधा आणि मिनेसोटा डीएनआरला फोन करून कुठे द्यायचं ते विचारा. बऱ्याच राज्यांत असा निकाल ठरावीक मुदतीत कळवणं बंधनकारक असतं, तेव्हा फोन त्याच दिवशी. प्रक्रियावाल्यालाही कळवा, म्हणजे त्याला यंत्रं धुता येतील. कुत्र्याला ते मांस घालू नका, कंपोस्टमध्येही नको. कूलर, पाट, सुऱ्या ब्लीचने पुन्हा धुवा. कोणी एखादा वाटा आधीच खाल्ला असेल तर त्याला लपवाछपवी न करता सांगा. त्यावर औषध नाही आणि घ्यायची गरज पडल्याचं उदाहरणही नाही, पण त्याला माहीत असायला हवं.